गिटार खुंटीवर, वेळ गाडीत

कर्जतहून रोज मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या एका तरुण वाचकाचे पत्र यंदा गणपतीच्या सुमारास आमच्याकडे आले. पत्र चांगले चार पानी होते. त्यातली साडेतीन पाने आगगाडीविषयी आणि उरलेले अर्धे पान गिटारीविषयी. आम्हांला हे प्रमाण मोठे मार्मिक वाटले, कारण या गृहस्थाच्या दिवसाचे प्रमाणही तेच आहे. कर्जत ते बोरीबंदर (आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणायचे, पण जिभेला सवय जुनी) हे अंतर शंभर किलोमीटर. दोन तास जायला, दोन तास यायला. पाचाच्या आधी उठायचे आणि रात्री नऊला घरात पाऊल टाकायचे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या बोनसातून गिटार घेतली. महिनाभर रोज वाजवली, पुढे रविवारची वाजवली, पुढे 'या रविवारी राहू दे' असे झाले आणि आता ती खुंटीवर आहे. 'वेळ मिळत नाही. विकून टाकू का?' असा शेवटी सवाल. आणि सहीच्या खाली, जाता जाता लिहावे तसे : 'मार्गशीर्षात लग्न आहे.'

अशा पत्राला ठरलेले उत्तर असते : वेळ काढला की निघतो. हे उत्तर देणाऱ्यांच्या पुढे ताट बहुधा कुणीतरी आणून ठेवलेले असते, असा आमचा अनुभव आहे. पाचाला उठून नऊला परतणाऱ्या माणसाच्या दिवसात वेळ पडून राहिलेला नसतो. तेव्हा त्याला 'मन लावा', 'निर्धार करा' असे सांगणे फुकाचे. निर्धार त्याच्यापाशी भरपूर आहे. तो रोज सकाळी गाडी पकडतो, हाच निर्धार आहे. प्रश्न आहे तो असा, की जो माणूस वर्षानुवर्षे गाडी चुकवीत नाही, त्याची गिटार आठ-आठ दिवस का चुकते?

याचे उत्तर आम्हांला त्याच्याच गाडीत मिळाले. मध्य रेल्वेच्या लोकलमधील भजनी मंडळे कुणाला सांगायला नकोत. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, त्यातली ठरलेली बाके. टाळ पिशवीतून निघतात, ढोलकी वरच्या फळीवरून उतरते आणि भिवपुरी रोड यायच्या आत गजर रंगात आलेला असतो. कुणाला हा गोंगाट वाटतो आणि झोपमोड होते म्हणून कुरकुरही होते; ती अगदीच चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण या मंडळींकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहतो. कुणी बँकेत, कुणी गोदीत, कुणी मंत्रालयात. संगीतासाठी एक तासही वेगळा काढण्याची यांतल्या बहुतेकांची ऐपत नाही. आणि तरी यांचे हात असे तयार असतात, की रुळांच्या सांध्यांवर डबा हिंदकळला तरी ठेका हलत नाही. एका बुवांना आम्ही विचारले, 'घरी रियाज केव्हा करता?' ते हसून म्हणाले, 'घरी कसला रियाज, साहेब! आमचा रियाज बदलापूरपर्यंत. पुढे गर्दी झाली की हात हलवायला जागा नाही.'

कर्जत ते बदलापूर म्हणजे जेमतेम पाऊण तास. त्यात ही मंडळी काय काय ठरवीत नाहीत ते पाहा. केव्हा बसायचे ते ठरवीत नाहीत. ते वेळापत्रकाने ठरवले आहे. कुठे बसायचे ते ठरवीत नाहीत. आज बसावे की न बसावे याचा विचार करीत नाहीत, कारण आपण गेलो नाही तर ढोलकी अडेल आणि उद्या चार जण 'काल कुठे होतात?' म्हणून विचारतील. इतकेच नव्हे, काय म्हणायचे तेही पुष्कळसे ठरलेले असते. वारकरी भजनाला क्रम आहे. आधी नामाचा गजर, मग रूपाचा अभंग, मग पुढचे. गौळण आपल्या जागी येते. गाडी सुटली की पहिल्या मिनिटाला भजन सुरू होते.

आता आमच्या पत्रलेखकाचा रविवार घ्या. चहा झाला, वर्तमानपत्र झाले, गिटार काढावी असे मनात आले. पिशवीची चेन उघडली. तारा उतरलेल्या. त्या लावण्यात दहा मिनिटे. मग आज काय वाजवावे? मोबाइल उघडला. एका गाण्याचा धडा पाहायला घेतला, तर शेजारी दुसरा दिसला. अर्धा तास संपला आणि बोटांनी तारांना स्पर्श केला तो पाच मिनिटे. बिचाऱ्याला वाटते आपल्याला वेळ नाही. वेळ होता, तो ठरवण्यात गेला. रोजच्या रियाजात ठरवायचे असे काही शिल्लकच ठेवता कामा नये, एवढेच त्या डब्यातल्या पाऊण तासाकडून आम्ही घेतले.

किती वेळ, हा पुढचा प्रश्न. आमच्या घराण्यांत 'चिल्ला' म्हणून प्रकार होता : चाळीस दिवस जगाला दार बंद करून गाण्या-वाजवण्याला बसायचे. ती मोठ्यांची गोष्ट. मासिक पास काढणाऱ्याच्या ती उपयोगाची नाही. त्याच्या उपयोगाचा एक प्रयोग इंग्लंडच्या टपालखात्यात झाला होता. बॅडले आणि लाँगमन या दोघा संशोधकांनी तो 1978 साली प्रसिद्ध केला. टपालवाल्यांना टंकयंत्राची कळफळी शिकवायची होती. काहींना दिवसाला एक तास बसवले, काहींना दोन तासांच्या दोन बैठका दिल्या, काही या दोहोंच्या मधले. रोज एकच तास बसणाऱ्यांना तीच तयारी एकूण कमी तासांत साधली. मौज अशी, की सर्वांत नाराज तेच होते! दिवस जास्त लागतात, आपण मागे पडलो, असे त्यांना वाटत राहिले. बोटांना शिकवायचे असेल तर थोडे आणि रोज, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. परंतु थोडे आणि रोज करणाऱ्याला आपली प्रगती दिसत नाही, ही यातली खरी मेख आहे. रविवारी तीन तास वाजवणाऱ्याला त्या संध्याकाळी फार समाधान असते. शनिवारपर्यंत ते ओसरते, हे तो कुणाला सांगत नाही.

म्हणून आमचे म्हणणे, वीस मिनिटे घ्या. त्यांतली दोन तारा लावण्याला. पुढची सहा-सात पलट्यांना. सारेग, रेगम, गमप आपण शाळेत पेटीवर घोटले तेच गिटारीच्या पडद्यांवर, चारी बोटांनी, आणि इतक्या सावकाश की स्वतःलाच कंटाळा यावा. चुकले की वेग आणखी कमी करायचा; चुकीसकट वेगाने वाजवले तर बोटे चूकच पाठ करतात. मग सहा-सात मिनिटे एकच अडचण. 'एफ'च्या कॉर्डने आजवर जितक्या गिटारी खुंटीला पोहोचवल्या तितक्या दारिद्र्याने पोहोचवल्या नसतील. पहिले बोट आडवे टाकून सगळ्या तारा दाबायच्या, मनगट दुखते, तार बोलत नाही. तिथे त्या कॉर्डवर जाणे आणि परत येणे एवढेच करा, महिनाभर. आणि उरलेल्या वेळात एक आवडीचे गाणे वाजवा, पण ते ठरलेले, महिन्याला एक. बोटांची टोके पहिले काही आठवडे दुखतात, मग घट्टे पडतात. नियम तुटला की घट्टे मऊ होतात आणि दुखणे पुन्हा पहिल्यापासून. बोटे अशी हजेरी मांडतात.

आता ही वीस मिनिटे कुठे बसवायची? गर्दीच्या लोकलमध्ये गिटार नेणे शक्य नाही. नेली तर ती वाचणार नाही. पण चार तासांच्या प्रवासात डाव्या हाताची बोटे मांडीवर पलटे फिरवू शकतात आणि त्रितालाच्या सोळा मात्रा उजव्या हाताच्या पेरांवर मोजता येतात. बाकी वीस मिनिटे घरीच हवीत, आणि ती घड्याळाला बांधू नयेत. खोपोलीकडच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्या एका वाचकाने मागे हीच अडचण लिहिली होती. या आठवड्यात पहिली पाळी, पुढल्यात रात्रपाळी; 'रोज साडेसातला' या नियमाचे तिथे काय होणार? त्यांना आम्ही कळवले होते, की नियम चहाला बांधा. पाळी कोणतीही असो, घरी आल्यावर हातपाय धुणे आणि चहा चुकत नाही. हातपाय धुतल्यावर गिटार, गिटारीनंतर चहा. क्रम उलटा केलात तर चहानंतर खाट दिसते.

इथे एका गोष्टीचा उच्चार केला पाहिजे, कारण मार्गशीर्ष जवळ आला आहे. संसारात मोकळा वेळ आपोआप उगवत नाही. तुमची वीस मिनिटे म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी वीस मिनिटे असतात. नऊला घरी आलेला नवरा गिटार घेऊन बसला, तेव्हा ताटे कोण मांडते? नेरळच्या एका भगिनी आम्हांला लिहितात, की त्या लग्नाआधी सतार शिकत होत्या. तेरा वर्षांत गवसणी दोनदा शिवली, सतार एकदाही लावली नाही. आणि याच काळात त्यांच्या यजमानांचे तबल्याचे क्लास एकदाही चुकले नाहीत. त्यांनी तक्रार केलेली नाही, नुसते कळवले आहे. आमच्या तरुण मित्राने लग्नाच्या आधीच होणाऱ्या पत्नीला विचारावे, की तुमची वीस मिनिटे कोणती? तिला गाणे नको असेल, वाचायचे असेल, नुसते बसायचे असेल. काय करायचे ते ती पाहील. पण ती वीस मिनिटे ताटे याने मांडावीत. दोन तासांचा शौक संसारात भांडणाचे मूळ होतो, दोघांची वीस-वीस मिनिटे मात्र निभतात.

गिटारच का, पेटी-तबला का नाही, असा सूर घरातल्या वडील मंडळींकडून निघाल्याचेही पत्रात आहे. पेटीसुद्धा परदेशातूनच आली. 1940 साली रेडिओने तिला दारही बंद केले होते आणि ते पुढे तीस वर्षे बंद राहिले. आज खालापूरच्या कोणत्याही देवळात पेटीवाचून सप्ताह होऊन दाखवा! गिटारीचेही तसेच. 1967 साली ब्रिजभूषण काबरांनी 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या बरोबरीने तिच्यावर राग वाजवले आहेत. राहिला नोकरीचा मुद्दा. वसंतराव देशपांडे यांनी कितीतरी वर्षे पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकुनी केली. 1967 साली 'कट्यार काळजात घुसली'मधले खाँसाहेब म्हणून ते उभे राहिले तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. नोकरीमुळे गाणे वाढले असे नव्हे. तिने ते मारले नाही एवढेच.

आपल्या भागाचे एक खास विघ्न म्हणजे पाऊस. कर्जत-खालापुरात चार महिने भिंतींना पाझर असतो. बाहेरच्या भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली गिटार ओल पिते, तिची मान वाकते, पोलादी तारा गंजतात आणि गंजलेली तार बोट कापते. पुष्कळांचा रियाज आळसाने नव्हे, या गंजाने सुटलेला असतो. गिटार आतल्या भिंतीशी, हाताला लागेल अशी ठेवावी. गवसणीत घालून माळ्यावर नव्हे. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. विकायची असली तरी आधी नव्या तारा घाला, असे आम्ही त्या तरुणाला कळवले आहे. नव्या तारांची गिटार गिऱ्हाइकाला आवडते, आणि क्वचित मालकालाही.

आणि चुकलेल्या दिवसांचे काय? महडच्या वरदविनायकापुढचा नंदादीप 1892 सालापासून तेवत आहे असे सांगतात. तो देवाचा दिवा आहे आणि तेल घालणारे हात अनेक आहेत. एकट्या माणसाचा दिवा अधूनमधून विझणारच. जुलैत गाड्या रुळावर अडकतील, पोराला ताप येईल, लावणीला गावी जावे लागेल. दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटे वाजवून भरपाई करू नये. ती कर्जाची फेड होते आणि कर्ज वाढले की माणूस सावकाराला तोंड दाखवीत नाही. दुसऱ्या दिवशी वीसच मिनिटे. शक्य तर एक सोबती गाठावा. आळीत ढोलकी वाजवणारा कुणी असतोच. आठवड्यातून एकदा तो येणार असला, म्हणजे त्याच्यासमोर फजिती नको म्हणून इतर दिवशी बोटे आपण होऊन तारांकडे जातात.

दिवाळीचे चार दिवस नियम मोडतो, असेही सर्वांचे म्हणणे असते. पाहुणे, फराळ, फटाके. पण नरकचतुर्दशीला सारे घर पहाटे उठलेलेच असते, बंबात पाणी तापत असते आणि न्हाण्याला पाच-सहा जणांची रांग असते. आपली पाळी यायला वीस मिनिटे सहज लागतात. तेवढ्यात पलटे आणि ती 'एफ'ची कॉर्ड होऊन जाते. फक्त अंगाला तेल लावायच्या आधी वाजवावे. तेलाचा हात तारांना लागला तर त्या पुसता पुसता पाणी निवते.