विश्लेषण : ‘एच-४’वरील मुलांचा एकविसावा वाढदिवस अडचणीचा का ठरतो?

अमेरिकेच्या ‘एच-१बी’ व्हिसाची चर्चा झाली की ती बहुधा शुल्क, लॉटरी आणि नोकऱ्या यांच्याभोवती फिरते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाल्यावरही तेच झाले. पण पुणे, मुंबई, नागपुरातून तिकडे गेलेल्या अनेक कुटुंबांचा घोर वेगळाच आहे. आईवडिलांचा व्हिसा वाढत राहतो, मुले मात्र २१ वर्षांची होताच ‘मुले’ राहत नाहीत. हे नेमके कसे घडते?

कुटुंबाला कोणता व्हिसा मिळतो?

‘एच-१बी’ची वार्षिक मर्यादा ६५ हजार असून अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार जागा असतात. व्हिसा प्रथम तीन वर्षांसाठी मिळतो आणि एरवी सहा वर्षांपर्यंत वाढतो. जोडीदाराला आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुलांना ‘एच-४’ मिळतो. २०१५ पासून ‘एच-४’वरील काही जोडीदारांना नोकरीचा परवाना मिळू लागला. त्यासाठी पती किंवा पत्नीचा ग्रीन कार्डचा ‘आय-१४०’ अर्ज मंजूर असावा लागतो किंवा सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली असावी लागते. ३० ऑक्टोबर २०२५ पासून या परवान्याच्या नूतनीकरणासाठी अर्ज करणाऱ्यांना आपोआप मिळणारी मुदतवाढही बंद झाली. ‘एच-४’वरील मुलांना नोकरीची मुभा नाही. सुट्टीतले अर्धवेळ कामसुद्धा त्यांना करता येत नाही.

ग्रीन कार्डची रांग इतकी लांब का?

नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीन कार्ड वर्षाला साधारण १ लाख ४० हजार असतात. त्यांत जोडीदार आणि मुलेही मोजली जातात. शिवाय कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. भारतीय अभियंते बहुतांशी ‘ईबी-२’ आणि ‘ईबी-३’ या गटांत येतात. प्रत्येक गटाला एकूण कार्डांपैकी २८.६ टक्के, म्हणजे सुमारे ४० हजार कार्डे मिळतात. त्याचे सात टक्के होतात साधारण २,८००. अर्जदार, जोडीदार आणि एक मूल असे त्रिकोणी कुटुंब धरले, तर वर्षाला जेमतेम ९३० कुटुंबे. इतर देशांनी न वापरलेली कार्डे मिळाल्याने प्रत्यक्ष आकडा कधी वाढतो, पण मागणीपुढे तो तोकडाच असतो.

कंपनीने कामगार खात्याकडे पहिला अर्ज केला, ती सहसा रांगेतली तारीख ठरते. तिला ‘प्रायॉरिटी डेट’ म्हणतात. ऑगस्ट २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये ‘ईबी-२’तील भारतीयांसाठी अंतिम तारीख १ जानेवारी २०१३ होती. म्हणजे त्याआधी रांगेत लागलेल्यांचाच नंबर येत होता.

मुलांचेच नुकसान का?

‘आय-१४०’ मंजूर असेल आणि केवळ रांगेमुळे कार्ड अडले असेल, तर ‘एच-१बी’ सहा वर्षांनंतरही तीन-तीन वर्षांनी वाढवता येतो. नोकरी करणारा रांगेत थांबू शकतो. मुलाच्या वयाला मात्र ही सवलत नाही. समजा, एका कुटुंबाचा अर्ज मार्च २०१४ मध्ये लागला आणि तेव्हा मुलगी दहा वर्षांची होती. मार्च २०२५ मध्ये ती २१ वर्षांची झाली, पण ‘ईबी-२’ची रांग त्या वर्षाच्या मध्यावरही २०१३ च्या पहिल्या दिवसापुढे सरकलेली नव्हती. धाकटा भाऊ अमेरिकेत जन्मलेला आणि त्यामुळे नागरिक, तर थोरली बहीण देशात राहण्यासाठी नवा व्हिसा शोधते, असे चित्र त्यामुळे एकाच घरात दिसू शकते.

कायद्यात काहीच संरक्षण नाही?

आहे. २००२ च्या बालक दर्जा संरक्षण कायद्यानुसार व्हिसा उपलब्ध होईल त्या दिवशीच्या वयातून ‘आय-१४०’ अर्ज प्रलंबित राहिल्याचा काळ वजा होतो. मुलगी २१ वर्षे ४ महिन्यांची असेल आणि अर्ज ७ महिने प्रलंबित राहिला असेल, तर तिचे वय २० वर्षे ९ महिने धरले जाते. मात्र तिने अविवाहित असले पाहिजे आणि वर्षभरात पुढचा अर्ज केला पाहिजे.

यात एक उफराटा प्रकार आहे. जादा शुल्क भरल्यास ‘आय-१४०’चा निकाल सहसा १५ कामकाजी दिवसांत मिळतो. पण निकाल जितका लवकर, तितके वजा होणारे दिवस कमी. शिवाय रांगेत गेलेली दहा-बारा वर्षे वजा होतच नाहीत.

बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात. एक अर्ज भरण्याच्या तारखांचा, दुसरा अंतिम निर्णयाच्या तारखांचा. फेब्रुवारी २०२३ पासून, इमिग्रेशन खाते ज्या महिन्यात पहिला तक्ता स्वीकारेल तेव्हा, त्यानुसारही वय गोठवता येत होते. १५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या नव्या अर्जांसाठी पुन्हा केवळ दुसरा, मागे रेंगाळणारा तक्ता धरला जातो.

एकविशीनंतर मार्ग कोणते?

बहुतेक जण विद्यार्थ्यांच्या ‘एफ-१’ व्हिसावर जातात. त्यात शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याचा इरादा दाखवावा लागतो. शाळा तिथेच झालेल्या मुलीसाठी ‘मायदेश’ कोणता, हा प्रश्नच असतो. शिक्षणानंतर एक वर्ष आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना आणखी दोन वर्षे कामाची मुभा मिळते. त्यानंतर पुन्हा ‘एच-१बी’ची निवड. ऑक्टोबर २०२५ मधील खुलाशानुसार देशातच राहून व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्यांना एक लाख डॉलरचे शुल्क लागू नाही. मात्र निवडीत जास्त वेतनश्रेणीला झुकते माप देणाऱ्या नव्या नियमाचा फटका नवपदवीधरांनाच बसण्याची शक्यता आहे.

इतर देशांत काय आहे?

कॅनडात अवलंबित मुलांची मर्यादा २२ वर्षांखालील आहे, आणि ‘एक्स्प्रेस एन्ट्री’त कायम वास्तव्याचा पूर्ण अर्ज पोहोचला त्या दिवशीचे वय धरले जाते. पुढच्या विलंबाचा भुर्दंड मुलाला बसत नाही. तिथे देशनिहाय मर्यादाही नाही. अर्थात तिथेही प्रवेश सोपा नाही. तिशीपासून अर्जदाराचे वयाचे गुण घटू लागतात आणि कायम वास्तव्याचे उद्दिष्ट २०२५ साठी ३ लाख ९५ हजारांवर आणले गेले. जर्मनीत ब्लू कार्डधारकाला २७ महिन्यांनी, जर्मन भाषा ‘बी-१’ पातळीपर्यंत येत असल्यास २१ महिन्यांनी, कायम वास्तव्य मिळू शकते. जोडीदारालाही नोकरीची मुभा असते.

अमेरिकेत बदल का होत नाही?

देशनिहाय मर्यादा काढणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झाले. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने वेगळा मसुदा मंजूर केला, पण दोन्हींचा मेळ बसला नाही. मर्यादा काढली तरी एकूण कार्डे वाढत नाहीत. मग भारतीयांची रांग आखूड होताना इतर देशांची लांबते, हा वादाचा मुद्दा आहे. मुलांचे वय अर्जाच्या दिवशीच गोठवण्याला ही अडचण तितकी लागू नाही. त्यासाठीचे विधेयक दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मांडूनही ते कायदा होऊ शकलेले नाही.

त्यामुळे नव्याने निघणाऱ्या कुटुंबाने पगारासोबत मुलांच्या वयाचा हिशेब मांडणे आवश्यक ठरते. कंपनी ग्रीन कार्डची प्रक्रिया कधी सुरू करणार, हे नोकरी स्वीकारण्यापूर्वीच लेखी विचारलेले बरे. मूल दहा-बारा वर्षांचे असेल, तर सध्याच्या गतीने एकविशीपूर्वी कार्ड हाती येण्याची शक्यता कमी आहे. अशा घरांनी व्हिसा बदलण्याचा अर्ज आणि शिक्षणाच्या खर्चाची तरतूद बरीच आधी ठरवायला हवी.