पालकांची शाळा कुणाच्या अंगणात भरवायची?

— तृतीय वर्ष कला (मानसशास्त्र)

मुलाला ताप आला की आपण त्याला दवाखान्यात नेतो. गणितात मागे पडला की शिकवणी लावतो. पण तेच मूल चार दिवस कोपऱ्यात गप्प बसून राहिले तर? "लाडावलाय", "नाटके करतोय", नाहीतर "दोन ठेवून दिल्या की येईल ताळ्यावर!" एवढीच औषधे आपल्या घरांतून मिळतात. म्हणूनच पालकांनी एकत्र बसून मुलांच्या मनाविषयी काही शिकावे, यासाठी गट चालवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा विषय काढला की कट्ट्यापासून स्टाफरूमपर्यंत हशा पिकतो. "आमच्या आईबापांनी कुठे वर्ग केले होते?" सवाल बिनतोड वाटतो खरा. पण मित्रहो, त्यांचा वर्ग वाड्यातच भरत होता! रडणारे पोर उचलून घ्यायला आजी, आत्या, शेजारची काकू असे, आणि "अगं, किती मारशील त्याला" म्हणून सुनेला दटावणारी सासूही असे. (ती सासू सुनेला किती रडवीत असे, हा निराळा विषय!) आज दोन खोल्यांत आई, बाप आणि मूल. चुकते आहे की बरोबर आहे, हे विचारायचे तरी कुणाला? मोबाईलला?

कल्पना नवी नाही. पहिल्या महायुद्धानंतर आल्फ्रेड अ‍ॅडलरने व्हिएन्नाच्या शाळांतून बालमार्गदर्शन केंद्रे काढली. तेथे शिक्षक आणि पालक यांच्यासमोरच मुलाच्या अडचणीचा विचार होई. 1934 मध्ये हुकूमशाही राजवट आली आणि ती केंद्रे बंद पडली. 1962 साली थॉमस गॉर्डन याने कॅलिफोर्नियातील पासाडेना गावी अवघ्या सतरा पालकांना घेऊन वर्ग सुरू केला. मुलाला उपदेश करण्याआधी त्याचे ऐकून घ्यावे, हा त्यातला मोठा धडा. अलीकडे मेलबर्न येथे तयार झालेला 'ट्यूनिंग इन टू किड्स' हा कार्यक्रम मला अधिक पटतो. आठवड्याला दोन तास, अशा सहा बैठका. मुलाची भावना लहान असतानाच ओळखा, तिला जवळ येण्याची संधी माना, समजून घ्या, तिला नाव द्या, आणि मग अडचण सोडवा किंवा मर्यादा घाला, असा त्याचा क्रम आहे. आपल्याकडे नेमका उलटा क्रम चालतो. मर्यादा आधी, समजून घेणे सवडीने!

आता परदेशाची वाट सोडून आपल्या सोलापुरात येऊ. गेल्या वर्षी आमच्या विभागाच्या बाईंबरोबर आम्ही चौघी विद्यार्थिनी पूर्व भागातील एका शाळेत चार शनिवार असा गट भरवीत होतो. चौदा माता आल्या आणि एक वडील. तेही पत्नीला सोडायला आले होते, बसून राहिले! बहुतेक जणी विडी कामगार. दिवसाकाठी हजार विड्या वळायच्या, कारखान्यात नेऊन द्यायच्या, मग चूल. पहिल्या शनिवारी आम्ही फळ्यावर 'राग', 'दुःख', 'भीती', 'आनंद' असे चार शब्द लिहिले. पुस्तकांत असतात तसेच. बायका माना हलवीत राहिल्या. मग एकीने विचारले, "ताई, आमचा पोरगा रागावत नाही हो, रुसतो. ते कुठं लिहायचं?"

त्या प्रश्नाने गट खऱ्या अर्थाने सुरू झाला. रुसणे म्हणजे रागावणे नव्हे. रुसलेल्याला कुणीतरी समजूत काढायला यावे असे वाटत असते. हिरमुसणे वेगळे, खट्टू होणे वेगळे, फुरंगटणे त्याहून वेगळे. भेदरलेले मूल आणि ओशाळलेले मूल दोन्ही खाली मान घालतात, पण एकाला कुशीत घ्यावे लागते आणि दुसऱ्याकडे थोडा वेळ न पाहणे बरे असते. कितीतरी जणींच्या घरी तेलुगू बोलतात. रुसव्याला तेलुगूत 'अलक' म्हणतात, हे सांगताना दोघी-तिघी एकदम बोलू लागल्या. फळा भरून गेला. भावनेला नाव द्यावे, असे मेलबर्नचे लोक सांगतात. ती नावे तर आमच्या ओसरीवर पडलेली आहेत! इंग्रजीतून आलेले तक्ते भाषांतर करून वाटण्याची आपल्याला घाई का होते, हे कोडे मला सुटलेले नाही.

तिसऱ्या शनिवारी एक बाई म्हणाली की, हिशेबात विड्या कमी भरल्या की त्या दिवशी हात मुलीवर पडतो. कुणी तिला दोष दिला नाही. शेजारची म्हणाली, "माझाबी पडतो." व्याख्यान आणि गट यांतला फरक हा असा आहे. व्याख्यान ऐकून माणूस आपण वाईट पालक आहोत असे मनात घेऊन घरी जातो. गटात तेच दहा जणांचे निघते आणि मग त्यावर काही करता येते. त्या दोघींनी आपसांत ठरविले की, कारखान्यातून आल्यावर अर्धा तास एकमेकींची मुले सांभाळायची. हा उपाय आमच्या एकाही पुस्तकात नव्हता.

मात्र एक धोका मला दिसतो आणि तो झाकून ठेवू नये. मजुरी अपुरी, खोली अंधारी, बाप व्यसनी; अशा घरातल्या आईला "तुम्ही मुलाची भावना समजून घ्या" एवढेच सांगून निघून येणे हा शहाजोगपणा आहे. गट म्हणजे मजुरीला पर्याय नव्हे. शिवाय शहरांतून फी घेऊन, फाईल आणि प्रमाणपत्र देऊन जी पालक-शिबिरे भरतात, त्यांत ज्यांची मुले आधीच बऱ्यापैकी सुखात आहेत तेच पालक अधिक दिसतात. शाळेतल्या पालकसभेविषयी काय बोलावे? गुण, गैरहजेरी आणि फी, एवढ्यावर ती आटोपते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींना बंदी घातली. घरी काय करायचे, ते पालकांना कुणी सांगितले?

ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पालकांच्या बाबतीत तेच करावे लागेल. विडी कारखान्याच्या आवारात, मंदिराच्या ओट्यावर, जेथे माणसे आधीच जमतात तेथे बसावे. वडिलांसाठी रविवार ठेवावा, आणि बोलावणे मुलाच्या हाताने पाठवावे. बायकोच्या निरोपाला 'बघू' म्हणणारा बाप मुलाच्या चिठ्ठीला सहसा नाही म्हणत नाही, असा माझा कयास आहे.

आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी सात दिवस होते. रस्ते झाडून होतात, वृक्षारोपण होते, छायाचित्रे निघतात. पुढच्या वर्षी त्यातले दोनच स्वयंसेवक वर्षभरासाठी या कामाला द्यावेत, अशी विनंती आम्ही प्राचार्यांकडे केली आहे. खडू-फळा आहे, बाई तयार आहेत, चौदांपैकी अकरा जणींनी पुन्हा येण्याचे कबूल केले आहे. फक्त विड्या पोचवून त्या मोकळ्या होतात संध्याकाळी सातला, आणि शाळेचा शिपाई कुलूप लावतो सहाला. किल्ली कुणाच्या जबाबदारीवर ठेवायची, एवढे अजून ठरायचे आहे.