जर्मन शेफर्डला फार्महाऊसवर पाठवू नका

पुण्या-मुंबईत कुणी सोडून दिलेला जर्मन शेफर्ड प्राणिमित्रांच्या हाती लागला, की पहिला सल्ला ठरलेला असतो : कुणाचं फार्महाऊस असेल तर बघा, एवढ्या मोठ्या कुत्र्याला मोकळी जागा हवी. हेतू चांगलाच असतो. पण मुळशी किंवा कर्जतच्या बाजूच्या बऱ्याच फार्महाऊसचे मालक शनिवारी येतात आणि रविवारी संध्याकाळी परततात. मधल्या दिवसांत कुत्रा राखणदाराच्या हवाली. त्याला त्याची कामं असतात, पुष्कळदा कुत्र्याची धास्तीही असते. मग फाटकाजवळ साखळी येते आणि दोन एकरांतली साखळीभर जागाच काय ती कुत्र्याच्या वाट्याला उरते. म्हणून या कुत्र्यांना घर शोधताना जागेचा निकष सर्वांत शेवटी लावावा, असं माझं मत आहे. आधी बघावं ते घरातल्या माणसांचा दिवस कसा जातो ते. रोज दोन तास देऊ शकणारा दोन खोल्यांचा फ्लॅट त्यांच्यासाठी शनिवार-रविवारच्या बंगल्यापेक्षा कितीतरी बरा.

याचं कारण मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांच्या जाती घडल्या कशा, यात आहे. जर्मन शेफर्ड आपल्याला पोलिसांचा कुत्रा म्हणून माहीत. पण 1899 मध्ये माक्स फॉन श्टेफानिट्झ या माजी घोडदळ अधिकाऱ्याने ही जात बांधायला घेतली ती मेंढपाळांच्या कुत्र्यांतूनच. कुंपण नसलेल्या शिवारात कळप आणि उभं पीक यांच्यामधल्या रेषेवर दिवसभर येरझाऱ्या घालायच्या, एकही मेंढी पिकात शिरू द्यायची नाही, हे त्यांचं काम. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचा बॉर्डर कोली मेंढ्या वळवतो त्या दुरूनच : मान खाली, अंग जवळजवळ जमिनीला टेकलेलं, नजर मेंढीवर रोखलेली. रेमंड कॉपिंजर या अमेरिकन अभ्यासकाने यातलं मर्म सांगितलं आहे. नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकड आणि शेवटी मारणं अशी शिकारीची साखळी असते. माणसाने निवडक पैदास करून तिचे पहिले दुवे पक्के केले आणि शेवटचे ढिले केले. पण कुत्रा हे एकट्याने करत नाही. त्याचा एक कान सतत मेंढपाळाच्या शिट्टीकडे असतो. माणूसच नसेल तर कितीही एकर रान दिलं तरी त्याला काम मिळत नाही. उलट माणूस असेल तर मेंढ्यांवाचूनही भागतं. अमेरिकेत जॉन पिली या निवृत्त मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी चेसर नावाच्या बॉर्डर कोलीला हजाराहून जास्त खेळण्यांची नावं शिकवली, तीही घरी, रोजच्या खेळातून. लष्कराचा झूम हा मॅलिनॉइज (हीही मेंढपाळांच्या कुत्र्यांचीच जात) 2022 मध्ये काश्मीरमधल्या चकमकीनंतर मरण पावला, तेव्हा त्याचे फोटो सर्वत्र झळकले. त्याच्यासाठी रोज राबणारा हँडलर मात्र फोटोंबाहेरच राहिला, आणि मॅलिनॉइजची हौस धरणारे नेमकं तेच विसरतात.

काम मिळालं नाही तर कुत्रा ते स्वतःच शोधून काढतो. भिंतीवरच्या सावल्यांच्या मागे लागतो, स्वतःभोवती गरगर फिरतो, स्कूटरच्या चाकावर झेप घेतो. घरात मुलं पळापळ करू लागली की त्यांना घेरून एका कोपऱ्यात आणतो आणि एखादं निसटलं तर त्याच्या टाचेला हलकेच दात लावतो. मेंढपाळाच्या लेखी हे गुण आहेत, आईबापांच्या लेखी कुत्रा चावरा झाला. मग तो रस्त्यावर येतो. (1960 च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला उपाशीतापाशी सोडून देणं गुन्हा आहे, पण पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये!) म्हणून संस्थेने दत्तक देण्याआधी त्याला सायकली, पळणारी मुलं, अनोळखी पाहुणे यांच्यासमोर नेऊन बघितलं पाहिजे. टाचा धरणारा कुत्रा रांगत्या मुलाच्या घरात देऊ नये. तो दहावी-बारावीतली मुलं असलेल्या घरात सुखाने राहू शकेल.

मग धनगरालाच का देऊ नये, असं कुणी म्हणेल. सूचना सुंदर वाटते, पण फसवी आहे. आपल्याकडच्या धनगरी कुत्र्याचं काम राखणीचं, रात्री वाड्याभोवती राहून लांडग्याला हुसकण्याचं. तो कळपातच लहानाचा मोठा होतो. शहरात वाढलेला शेफर्ड मेंढरं पाहून पाठलाग करील आणि कुठे थांबायचं हे त्याला कुणी शिकवलेलंच नसेल. त्यात गाभण मेंढी दगावली तर नुकसान धनगराचं. फ्लॅटवरचे आक्षेप जास्त खरे आहेत. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे जीवजंतु कल्याण मंडळाने 2015 मध्येच स्पष्ट केलं, पण भुंकण्याने उडालेली शेजाऱ्यांची झोप त्याने परत येत नाही. शेफर्डच्या जातीत खुब्याच्या सांध्याचं दुखणं पुष्कळ, तेव्हा लिफ्ट नसलेल्या इमारतीतला चौथा मजला नकोच. आणि आपल्या उन्हाळ्यात फेऱ्या पहाटे नि रात्रीच. दुपारी थंड फरशीवर वास हुडकण्याचे, वस्तू शोधण्याचे खेळ.

सर्वांत जड आक्षेप वेगळाच : निवारे भरून वाहत असताना एवढी चिकित्सा परवडते का? येईल त्याला द्यावा, पिंजऱ्यापेक्षा काहीही बरं. दररोज नव्या कुत्र्यासाठी फोन घेणाऱ्या कार्यकर्त्यांची ही हतबलता समजण्यासारखी आहे. पण चुकीच्या घरातून परत आलेला कुत्रा पिंजरा पुन्हा अडवतोच, शिवाय दरम्यान लागलेल्या सवयी आणि 'चावतो' हा शिक्का घेऊन येतो. पुढचं घर मिळणं आणखी अवघड. त्यापेक्षा चाचणी म्हणून एक-दोन महिने तात्पुरतं घर द्यावं, रोजच्या फिरण्याची जबाबदारी कुणाची हे नावानिशी लिहून घ्यावं, आणि जमलं नाही तर कुत्रा संस्थेकडेच परत येईल, ही अट करारात घालावी. सोबतच्या कागदांत डॉक्टरांसाठी एक ओळ हवीच : कोलीच्या कुळातल्या बऱ्याच कुत्र्यांत असा जनुकदोष असतो, की खरजेवर सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन मोठ्या मात्रेत त्यांच्या जिवावर बेततं. हे नव्या मालकाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं, इंजेक्शन भरून झाल्यावर नव्हे.