बी राखले, पण शेताचे काय?

नर्मदेतील महाशीर हा मासा २०११ साली मध्य प्रदेशाचा राज्यमत्स्य ठरला. सन्मान झाला, पण तो मासा दुर्मिळ होऊ लागल्यावर! १९६० च्या दशकात तेव्हाच्या होशंगाबाद परिसरातील मासेमारीत महाशीर प्रमुख होता. पुढे बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर ही धरणे झाली आणि वाहत्या पाण्यात, गोट्यांच्या तळावर विणणाऱ्या या माशाचे घरच जलाशयाखाली गेले. इंदूर शहर १९७८ पासून जलूदहून उचललेले नर्मदेचे पाणी पिते. जी नदी आपली तहान भागविते, तिच्या माशाचा वंश राखणे हे त्या शहराचे कर्तव्य ठरते. महाशीराची गोठीत रेतपेढी इंदुरात उभारावी, अशी आमची सूचना आहे.

ही कल्पना अद्भुत नव्हे. गाईम्हशींच्या गोठीत रेतमात्रा खेडोपाडी पोहोचल्याच आहेत. माशांच्या बाबतीत ब्लॅक्स्टर या शास्त्रज्ञाने १९५३ साली हेरिंग माशाचे रेत गोठवून वसंतात व शरदात विणणाऱ्या दोन कुळांचा संकर घडविला. आपल्याकडे लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने रोहू, कटला आणि महाशीराच्या काही जातींसाठी ही पद्धती बसविली आहे. गोड्या पाण्यातील माशाचे शुक्रजंतू पाण्याचा स्पर्श होताच चळवळू लागतात व थोड्याच वेळात निर्बल होतात. तो स्पर्श टाळून, रक्षक द्रावणात मिसळून ते द्रवरूप नत्रात उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवले, तर वर्षानुवर्षे टिकतात. नर व मादी एकाच वेळी पक्व न होण्याची अडचण त्यामुळे टळते. मूठभर माशांपासूनच पिढ्यानपिढ्या बीज काढल्याने येणारा वंशदोषही, नदीतील नरांच्या साठविलेल्या रेताने कमी करता येतो. मात्र त्यासाठी नदीत नर उरले पाहिजेत. म्हणून विलंब परवडणारा नाही.

तथापि, पेढी म्हणजे नदीला पर्याय, असा समज कोणी करून घेऊ नये. माशाची अंडी मोठी व बलकाने भरलेली असल्याने ती गोठवून टिकविण्यात व्यवहारोपयोगी यश अद्याप आलेले नाही. म्हणजे पेढीत वंशाचा निम्माच ठेवा राहतो. उरलेला निम्मा जिवंत मादीच्या पोटी असतो आणि मादीला वाहते पाणी हवे. विणीच्या काळात धरणांतून पुरेसा प्रवाह सोडणे आणि त्या दिवसांतील मासेमारीबंदी खरोखर अमलात आणणे, हे पेढीइतकेच निकडीचे आहे.

किनारपट्टीवरील आम्हा लोकांना हा प्रश्न परका वाटू नये. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महाशीराचे बीज निपजविले. महाड तालुक्यात वाळणकोंडच्या डोहात वरदायिनीचे देवमासे तर श्रद्धेनेच तगले. तेथील ग्रामस्थांनी मासा राखताना डोहही राखला. इंदुरात पेढी उभारताना शासनाने नर्मदेबाबत एवढे भान ठेवले, तरच साठविलेल्या बियाण्याला शेत मिळेल.