वुजूच्या पाण्याचा हिशेब

मस्जिदीच्या वुजूखान्यात एकदा नळांकडे नीट पाहा. हात, गुळणा, नाक, चेहरा, कोपरापर्यंतचे हात, मसह, पाय. सगळे होईपर्यंत नळ सलग चालू असतो. मसह तर नुसत्या ओल्या हाताने करायचा. तेव्हाही धार वाहतच असते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात आधी मोजतात, मग सुधारतात. नळातून मिनिटाला 6 लिटर पाणी पडते असे धरू. दोन मिनिटांच्या वुजूला 12 लिटर, पाच वेळा केला तर 60 लिटर. आता जल जीवन मिशनचे उद्दिष्ट पाहा: खेड्यात माणशी रोज 55 लिटर. त्यात पिणे, स्वयंपाक, आंघोळ, कपडे सगळे आले. तेवढ्याहून जास्त पाणी आपण फक्त वुजूत सांडतो.

प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत, अशी नोंद बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. आजच्या मापात हे साधारण पाऊण लिटर. म्हणजे पाण्याची एक बाटलीही लागत नाही.

काहींना वाटते, पाणी कमी वापरले तर तहारत अपुरी राहील. पण शरीर स्वच्छ होते ते चोळल्याने. बोटांच्या बेचक्या आणि टाचा कोरड्या ठेवून नळ पाच मिनिटे सोडला तरी काय उपयोग? साबणाने हात धुतानाही किमान 20 सेकंद चोळायचे असतात, आणि तेवढा वेळ नळ बंद ठेवता येतो. अवयव तीनदा धुणे सुन्नत आहे. त्यापुढे पुन्हा पुन्हा धुणे हा वसवसा आहे, परहेजगारी नव्हे.

‘उसाला किती पाणी जाते ते बघा, आमच्या वुजूचे काय घेऊन बसलात?’ असेही कोणी म्हणेल. उसाचा प्रश्न खराच आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या राज्यात आपण राहतो. स्वतःचा नळ सोडून दुसऱ्याला जाब विचारला तर आपले कोण ऐकेल?

उपाय साधे आहेत. घरी तांब्याने किंवा मगाने वुजू करा. मस्जिदीत दाबल्यावर थोडेच पाणी सोडणारे, आपोआप बंद होणारे नळ बसवता येतात. वुजूच्या पाण्यात साबण जवळजवळ नसतो. ते वेगळ्या टाकीत साठवून, गाळून झाडांना किंवा शौचालयात वापरता येते.

हे ट्रस्टींना सांगणार कोण? शिकलेल्या तरुणांनीच सांगायला हवे. पुढच्या जुम्याआधी एका नळाखाली बादली ठेवा, मिनिटभर मोजा आणि तो आकडा घेऊन ट्रस्टच्या बैठकीत जा. नुसत्या तक्रारीपेक्षा मोजलेला आकडा जास्त ऐकला जातो.