जुनं पॅनल आधी काढू नका

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातला अतिदक्षता विभाग पेटला. म्हणून रुग्णालयांतले जुने फायर अलार्म बदलायलाच हवेत. पण चालत्या रुग्णालयात हे काम फार नाजूक. व्हेंटिलेटरवरचा पेशंट सहजी हलवता येत नाही, आणि छताला ड्रिल लावलं की धुळीबरोबर उडालेली बुरशी दुबळ्या फुप्फुसांत शिरते. म्हणून आधी प्लास्टिकचा पडदा, मग ड्रिल. अलार्मचं नवं पॅनल तपासून सुरू होईपर्यंत जुनं चालूच हवं. बदल एकेका विभागाचाच करावा, आणि जिथला अलार्म बंद असेल तिथे रात्रभर फिरता पहारा ठेवावा. मला खरी धास्ती वाटते ती स्मोक डिटेक्टरवर धूळ बसू नये म्हणून चढवलेल्या प्लास्टिकच्या टोपीची. संध्याकाळी कामगार निघून जातात, टोपी तशीच राहते, नि वॉर्डात धूर भरला तरी डिटेक्टरला पत्ता नसतो. रोज टोप्या मोजून घ्यायचं काम आधीच धावपळीत असलेल्या सिस्टरच्या गळ्यात मारू नका. ते एका अभियंत्याच्या नावावर लेखी टाका, आणि त्याची सही झाल्याशिवाय कंत्राटदाराला गेटबाहेर सोडू नका.