करारावर सही कोणाची?

कार्यालयात काम करणाऱ्या स्त्रियांना न्याय्य वागणूक कायद्यामुळे मिळते की संघटनेमुळे, हा प्रश्न मुंबईतील एका जुन्या खटल्याने फार स्पष्टपणे मांडला आहे, आणि त्यातून निघणारे उत्तर कामगार संघटनांना आजही अस्वस्थ करणारे आहे. मॅकिनन मॅकेन्झी ही कंपनी आणि तिच्याकडे लघुलेखिका असलेल्या ऑड्री डिकॉस्टा यांच्यातील या खटल्याचा अंतिम निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९८७ मध्ये दिला. लघुलेखन, म्हणजे तोंडी सांगितलेला मजकूर सांकेतिक लिपीत टिपून घेऊन नंतर तो टंकित करणे, हे काम त्या कंपनीत पुरुषही करीत आणि स्त्रियाही करीत. परंतु वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे नेमलेल्या स्त्रियांचा ‘गोपनीय लघुलेखिका’ असा वेगळा वर्ग मानून त्यांचे वेतन पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी ठेवण्यात आले होते. १९७७ मध्ये नोकरी संपुष्टात आल्यावर डिकॉस्टा यांनी १९७६ च्या समान वेतन कायद्याचा, म्हणजे सारख्या स्वरूपाच्या कामासाठी स्त्री-पुरुषांना सारखाच मोबदला देण्याचे बंधन मालकावर घालणाऱ्या कायद्याचा, आधार घेऊन वेतनातील फरक मागितला. ही रक्कम सात हजार रुपयांच्या आसपास होती. ती द्यावी लागू नये म्हणून कंपनी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली.

कंपनीचा मुख्य बचाव असा होता की, वेतनातील हा फरक स्त्री-पुरुष भेदातून आलेला नसून १९७५ मध्ये कर्मचारी संघटनेशी झालेल्या करारातून आलेला आहे. तक्रार प्रथम ज्या अधिकाऱ्यापुढे गेली त्याने दोघांचे काम सारखेच असल्याचे मान्य केले, आणि तरीही कराराकडे बोट दाखवून ती फेटाळली. अपिलात हा निर्णय फिरला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने, कायद्याने दिलेला हक्क करार करून काढून घेता येत नाही आणि कंपनीची आर्थिक ओढाताण हेही कमी वेतनाचे कारण होऊ शकत नाही, असे ठरवले. न्याय मिळाला हे खरेच. पण ज्या कागदाने स्त्रियांचे वेतन कमी ठरवले त्यावर मालकाबरोबर संघटनेचीही सही होती, आणि तो कागद निष्प्रभ ठरवण्यासाठी नोकरी गमावलेल्या एका स्त्रीला दहा वर्षे झगडावे लागले, ही गोष्ट निकालाइतकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे.

संघटना अशीच वागते, असा निष्कर्ष मात्र यावरून काढणे अन्यायाचे होईल. त्याआधी, १९६५ मध्ये, बॉम्बे लेबर युनियनने एका औषध कंपनीतील नियमाविरुद्ध याच न्यायालयात विजय मिळवला होता. त्या नियमानुसार वेष्टन विभागातील अविवाहित स्त्रीला लग्न होताच नोकरी सोडावी लागे. विवाहित स्त्रियांची गैरहजेरी वाढते, हा कंपनीचा युक्तिवाद होता. प्रसूतीच्या रजेपुरती सोय काही जादा स्त्रिया नेमून करता येते, असे सांगून न्यायालयाने तो नाकारला. म्हणजे संघटनेने स्त्रियांचा प्रश्न आपला मानला तेव्हा एक निकाल अनेकींच्या नोकऱ्या वाचवू शकला.

आजच्या कायद्यांनी या प्रश्नाची निकड वाढवली आहे. समान वेतनाची तरतूद आता २०१९ च्या वेतन संहितेत आली आहे. औद्योगिक संबंध संहितेनुसार ज्या संघटनेकडे ५१ टक्के कामगार सभासद असतील तीच एकमेव वाटाघाटी संघटना, म्हणजे सर्वांच्या वतीने मालकाशी बोलण्याचा अधिकार असलेली संघटना, ठरते. याच संहितेत तक्रार निवारण समितीवर स्त्रियांचे प्रमाण आस्थापनेतील त्यांच्या संख्येच्या प्रमाणापेक्षा कमी नसावे असे बंधन आहे. वाटाघाटीला बसणाऱ्यांबाबत मात्र तसे बंधन नाही. परिणामी ५१ टक्क्यांच्या बाहेर राहिलेल्या स्त्रियांचे वेतन त्यांच्या अनुपस्थितीत ठरण्याची शक्यता कायम राहते. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली, हे मोठे पाऊल होते. परंतु तिचे सदस्य मालक नेमतो आणि वेतन, बढती किंवा पाळणाघर हे विषय तिच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे ती संघटनेची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून बँका, विमा कंपन्या, शासकीय आणि खासगी कार्यालये येथील संघटनांनी पुढील वेतनकराराचे मागणीपत्र तयार करण्यापूर्वी वाटाघाटींच्या प्रतिनिधींमध्ये स्त्रियांना त्यांच्या सभासदसंख्येच्या प्रमाणात स्थान द्यावे आणि कराराचा मसुदा सही होण्याआधी त्यांच्यापुढे ठेवावा. संघटना हे करणार नसेल, तर स्त्री कर्मचाऱ्यांनी एकत्र येऊन आपले मागणीपत्र स्वतंत्रपणे सादर करावे.